मॅजिक किंगडमला सकाळी जाताय? ९ वाजता पोचू नका

ऑरलँडोला डिस्नी बघायला निघालेल्या सगळ्यांना, आणि खास करून ज्यांचे आईबाबा भारतातून आलेत त्यांना आधी एकच सांगते, मॅजिक किंगडम पार्क ९ ला उघडतं म्हणून ९ ला पोचायचं नसतं. आम्ही पहिल्यांदा तेच केलं, पार्किंगमधे शिरलो ९ ला आणि आत पाय ठेवेपर्यंत सकाळचा सगळ्यात मोकळा वेळ निघून गेला होता.

कारण मॅजिक किंगडमचं पार्किंग पार्कला लागून नाहीच, मधे अख्खा तलाव आहे. गाडी लावायची टीटीसीला (ट्रान्सपोर्टेशन अँड टिकेट सेंटर), तिथेच सिक्युरिटी, मग मोनोरेल किंवा फेरीबोट, आणि मग खरं गेट. म्हणून ९ चं ओपनिंग असेल तर पावणेआठला गाडी लागलेली हवी. उबर पण टीटीसीलाच सोडते. डिस्नीच्या हॉटेलमधे राहत असाल तर तिथली बस थेट गेटपाशी नेते, आणि कंटेम्पररी हॉटेलमधून तर चालत जाता येतं.

सिक्युरिटीत आपली माणसं अडकतात ती स्टीलचा डबा, छत्री आणि चष्म्याची केस यांच्यामुळे. ते आधीच पर्समधून काढून हातात धरा. डबा न्यायला काही हरकत नाही, थेपले पोळीभाजी सगळं चालतं, फक्त काचेची बाटली नको आणि सेल्फी स्टिक घरीच ठेवा.

फेरीबोटीची रांग बघून घाबरू नका, एका फेरीत शेकडो माणसं जातात त्यामुळे ती भराभर सरकते. आईबाबांना गुडघ्याचा त्रास असेल तर गेटपर्यंत व्हीलचेअरचा विचार करा, चालणं खूप आहे.

तिकिटं आदल्या रात्रीच डिस्नीच्या अ‍ॅपमधे सगळ्यांच्या नावावर लावून ठेवा. गेटवर ३ वर्षांपासून पुढच्या सगळ्यांचं बोट स्कॅन करतात, कुठलं बोट दिलं ते आजीआजोबांना लक्षात ठेवायला सांगा, दुसऱ्यांदा आत येताना तेच लागतं. सगळे मधल्या रांगांत घुसतात, कडेच्या बघा.

आता खरी गंमत. डिस्नी हॉटेलवाल्यांना अर्धा तास आधी आत सोडतात, पार्कच्या फॅन्टसीलँड आणि टुमॉरोलँड या भागांमधे. म्हणजे तुम्ही बाहेर राहत असाल तर ९ ला सेव्हन ड्वार्फ्सच्या राइडकडे धावण्यात अर्थ नाही, तिथे आधीच रांग लागलेली असते, पीटर पॅनचंही तेच. तुम्ही कॅसलसमोरून डावीकडे वळा, अ‍ॅडव्हेंचरलँडच्या दोरीपाशी थांबा (ओपनिंगपर्यंत तिथे दोरी लावून अडवतात) आणि पहिली जंगल क्रूझ ही बोटीची राइड करा, ती आजी आजोबा नातवंडं सगळ्यांना एकत्र बसून करता येते आणि दुपारी तिची रांग फार वाढते. दोरी सुटली की पळू नका प्लीज, स्ट्रोलर आणि म्हातारी माणसं असतात मधे.

पोरांची उंची घरीच मोजा, सेव्हन ड्वार्फ्सला ३८ इंच लागते, ट्रॉन राइडला ४८. उंची बसली नाही म्हणून पोरगं रांगेच्या तोंडाशी रडतं ते बघवत नाही हो. अशा वेळी रायडर स्विच मागा, एक जण पोरापाशी थांबतो आणि नंतर त्याला परत मोठ्या रांगेत उभं न राहता राइड मिळते.

आणि पाणी विकत घेऊ नका, खाण्याच्या काउंटरवर बर्फाचं पाणी मागितलं की ग्लासभर फुकट देतात.