डॉक्सा एन्झाइमवर काम करताना या चुका टाळा

स्ट्रेप्टोमायसिस प्युसेशियस या जिवाणूत डॉक्सोरुबिसिन हे कर्करोगावरचे औषध तयार होताना शेवटची पायरी, म्हणजे डॉनोरुबिसिनच्या १४व्या कार्बनवर हायड्रॉक्सिल गट बसवण्याचे काम, डॉक्सा हे सायटोक्रोम पी४५० कुळातले एन्झाइम करते. ही पायरी मुळातच मंद असल्यामुळे फसव्या आकड्यांवर विश्वास ठेवण्याचा मोह इथे फार होतो.

वारंवार दिसणारी चूक म्हणजे ३४० नॅनोमीटरच्या प्रकाशशोषणावरून एनएडीपीएच (एन्झाइमसाठी इलेक्ट्रॉन पुरवणारा रेणू) घटताना पाहून एन्झाइम चालते आहे असे ठरवून टाकणे. डॉनोरुबिसिनच्या रेणूत क्विनोन, म्हणजे इलेक्ट्रॉन सहज घेणारा-देणारा भाग, असतो. आपण घातलेले रिडक्टेज (एनएडीपीएचचे इलेक्ट्रॉन पुढे पोचवणारे प्रथिन) त्यालाच थेट इलेक्ट्रॉन देऊ शकते, तो ते ऑक्सिजनला देतो आणि पुन्हा घ्यायला मोकळा होतो. या फेऱ्यांत एनएडीपीएच संपत राहते, डॉक्सोरुबिसिनचा मात्र मागमूसही नसतो. या चुकीपायी माझे जवळजवळ दोन महिने गेले. आलेख छान उतरत होता, डॉनोरुबिसिन वाढवले की वेगही वाढत होता, त्यामुळे शंकाच आली नाही. एका संध्याकाळी डॉक्सा घालायचे राहून गेलेल्या क्युव्हेटमध्येही (मोजणीच्या पारदर्शक नळीतही) तीच उतरती रेषा दिसली आणि वहीतली मागची सगळी पाने बाद करावी लागली. तेव्हापासून डॉक्सा वगळून बाकी सर्व असलेली नळी, म्हणजे कंट्रोल, मी सर्वांत आधी लावते आणि निष्कर्ष एचपीएलसीवर (मिश्रणातली संयुगे वेगळी करून दाखवणाऱ्या यंत्रावर) अस्सल डॉक्सोरुबिसिन शेजारी चालवूनच काढते. ‘कंट्रोल नंतर करू’ म्हणणाऱ्या विद्यार्थ्याला मी प्रयोग सुरू करू देत नाही.

प्रथिने आकारानुसार वेगळी करणाऱ्या जेलवर जाड पट्टा दिसला म्हणजे एन्झाइम शाबूत, हा समजही महागात पडतो, कारण हीम (एन्झाइममधला लोहयुक्त भाग) नीट बसले आहे की नाही हे जेल सांगत नाही. डायथायोनाइट (इलेक्ट्रॉन देणारे रसायन) घालून कार्बन मोनॉक्साइड सोडल्यावर प्रकाशशोषणाचे शिखर ४५० नॅनोमीटरला यायला हवे. ते ४२० ला आले तर ती बॅच मी टाकून देते. ई. कोलाय (ज्याच्याकडून डॉक्सा बनवून घेतो तो जिवाणू) ३७ अंशांवर वाढवून एका रात्रीत प्रथिन काढण्याची घाई मला पटत नाही. मी २० अंशांच्या आसपास, डेल्टा-अमिनोलेव्ह्युलिनिक आम्ल (हीमचा कच्चा माल) घालून, निवांत वाढू देते.

फेरेडॉक्सिन (रिडक्टेजकडून डॉक्साकडे इलेक्ट्रॉन नेणारे प्रथिन) न घालता एन्झाइमला निष्क्रिय म्हणू नये.

वस्तुमान ५२८ वरून ५४४ झाले एवढ्यावर डॉक्सोरुबिसिन मिळाले असे लिहू नये. तो ऑक्सिजन रेणूत दुसरीकडेही बसलेला असू शकतो.

नळ्या फॉइलमध्ये गुंडाळाव्यात, कारण ही नारिंगी-लाल संयुगे उजेडात बिघडतात, आणि हातमोजे काढू नयेत, कारण ती पेशींना विषारी असतात.