खुडूक कोंबडीची पिल्लं तिच्याखालीच वाढू द्या

दिवाळी उरकली की वऱ्हाडात कापसाची वेचणी जोरात असते, पूर्वेकडे धानाची मळणी. याच दिवसांत घरोघरी खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसलेल्या, कोंबड्यांखालून पिल्लं निघतात. अंडी उबवायला हा काळ चांगला आहे. उन्हाळ्यात पारा 45 अंशांवर गेला की साठवलेली अंडी खराब होतात, पावसाळ्यात ओलीमुळे पिल्लांना रक्ती हगवण लागते. हिवाळ्यात मोठी भीती रात्रीच्या थंडीची.

थंडीच्या धाकानं बरेच जण पिल्लं काढून खोक्यात बल्बखाली ठेवतात. आम्हीही एका वर्षी ठेवली होती, सतरा पिल्लं. रात्री वीज गेली ती पहाटेपर्यंत आली नाही. ऊब शोधत पिल्लं एकमेकांवर चढली आणि सकाळी अकरा चेंगरून मेलेली सापडली. तेव्हापासून कोंबडी चांगली बसणारी असेल तर आम्ही पिल्लं तिच्यापासून काढत नाही. पहिल्या आठवड्यात पिल्लाला साधारण 35 अंशांची ऊब लागते, पुढे दर आठवड्याला तीनेक अंश कमी चालते. हा हिशेब कोंबडी स्वतः सांभाळते. पिल्लाला गार वाटलं की ते पंखाखाली शिरतं, ऊब मिळाली की बाहेर येतं.

अंडी 21 व्या दिवशी फुटतात, पण सगळी एकदम नाही. पहिलं पिल्लू दिसलं म्हणून कोंबडीला उठवू नका आणि अडकलेलं कवच नखानं सोलू नका, त्यातून रक्त येतं आणि पिल्लू दगावतं. पोटात ओढून घेतलेल्या बलकावर पिल्लू दोन दिवस तग धरतं, त्यामुळे दाण्याची घाई नको. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत न फुटलेली अंडी आणि टरफलं काढून पुरून टाका, नाहीतर लाल मुंग्या येतात.

त्यानंतर आठ-दहा दिवस आई-पिल्लांना कोठ्याच्या कोरड्या कोपऱ्यात डालीखाली, म्हणजे उलट्या मोठ्या टोपलीखाली, ठेवा. खाली सोयाबीनचं कुटार किंवा तणस अंथरा, ओलं झालं की लगेच बदला. वाऱ्याच्या बाजूला पऱ्हाटीचा (कपाशीच्या वाळल्या काड्यांचा) कूड करून त्यावर पोती टांगली तरी पुरतं. वरून मात्र कोंडू नका, हवा खेळू द्या. सकाळी दहिवर सुकून ऊन चढेपर्यंत बाहेर सोडायचं नाही. भिजलेलं पिल्लू गारठलं की हाती लागत नाही. घरातली सगळी माणसं वेचणीला जात असतील तर दिवसाही डालूनच ठेवा, कारण घार, कावळा, मुंगूस आणि मांजर रिकाम्या अंगणाची वाट पाहत असतात.

खाण्यासाठी तांदळाची कणी, ज्वारीचा किंवा मक्याचा बारीक भरडा चालतो, पण त्यावर अंग भरत नाही. पहिले तीन-चार आठवडे पिल्लांचं तयार खाद्य थोडं का होईना द्याच. ते आईच फस्त करते, म्हणून फक्त पिल्लं शिरतील एवढ्या फटींची टोपली उलटी घालून त्याखाली खाद्य ठेवा. वाळवीही उत्तम. मडक्यात ओलं पोतं, वाळलं शेण आणि तणस भरून संध्याकाळी वारुळापाशी पालथं घाला, पहाटे वाळवी लागलेली असते. पाणी उथळ ताटलीत, त्यात गोटे टाकून, म्हणजे पिल्लं बुडत नाहीत.

आता सर्वांत कळकळीचं. फवारणीच्या औषधाचा डबा कापून त्यात पाणी ठेवू नका, कितीही धुतला तरी नको. कोंबडीच्या उवा मारायला कपाशीचं औषध लावू नका. तिला राखेत लोळू द्या, आणि हे काम अंडी फुटण्याआधीच करा. हरभऱ्याचं बीजप्रक्रिया केलेलं रंगीत बियाणं उरलं असेल तर ते डब्यात बंद करून उंचावर ठेवा. अंगणात सांडलेले चार दाणेही पिल्लांच्या जिवावर बेततात.

लसीत चालढकल नको. मानमोडी (राणीखेत रोग) आली की गावातल्या कोंबड्या एकापाठोपाठ एक जातात. पाचव्या ते सातव्या दिवशी या रोगाची लासोटा लस, डोळ्यात एक थेंब, आणि चार आठवड्यांनी पुन्हा. एका कुपीत शंभर किंवा जास्त मात्रा असतात आणि कालवल्यावर ती दोन तासांत संपवावी लागते. म्हणून चार-पाच घरांनी एकाच दिवशी अंडी बसवली तर कुपी वाया जात नाही. ती बर्फाच्या थर्मासमध्ये आणायची, खिशात नाही.

एकाच वेळी बसवल्यानं आणखी एक सोय होते. दोन कोंबड्यांची पिल्लं थोडी निघाली तर रात्री अंधारात एकीखाली सरकवा. पिल्लं एक-दोन दिवसांच्या फरकाची असतील तर ती बहुधा सांभाळून घेते, पण सकाळी टोचत नाही ना ते पाहा. बारा-पंधरांपेक्षा जास्त देऊ नका, थंडीत कडेची उघडी पडतात. मोकळी झालेली दुसरी कोंबडी लवकर अंड्यावर येते. कडकनाथ आणि वनराज जातीच्या कोंबड्या सहसा नीट बसत नाहीत, त्यांची अंडी गावठी कोंबडीखालीच बसवा.

सहा ते आठ आठवड्यांत आई पिल्लांना टोचून हाकलू लागते. तेव्हा ती वेगळी करा. तोवर पिल्लांना पिसं आलेली असतात आणि आठव्या आठवड्यात मानमोडीचीच आरटूबी लस टोचायची वेळही झालेली असते.