जुन्या सुती साड्यांचं वेणीचं पायपुसणं

जुनी सुती साडी बोहारणीला देऊन एखादं पातेलं घेण्यापेक्षा तिचं पायपुसणं करा, असं मी आमच्या नाशिकच्या पंचवटीतल्या सगळ्या बायकांना सांगते. पौष-माघातल्या थंडीत फरशीवर अनवाणी पाय टेकवत नाही, तेव्हा पलंगाशी असलं जाड पायपुसणं हवंच. खर्च फक्त दोऱ्याचा. बुधवारी गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बाजारात गेलात की गोधडी शिवायचा जाड दोरा आणि मोठ्या नेढ्याची सुई घेऊन या.

साडी सुतीच हवी. मालेगावची असो नाहीतर आणखी कुठली, आधी तिचा एक धागा पेटवून बघा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि त्याची मऊ राख होते. पॉलिएस्टरचा वितळून कडक मणी होतो. तसलं कापड पाणी टिपत नाही, ते घेऊ नका. रंग जातो का, तेही ओलं पांढरं फडकं घासून पाहा.

तीन फूट लांब, दोन फूट रुंद पायपुसण्याला दोन सहावारी साड्या पुरतात, थोडं उरतंही. कात्रीनं टोकाला चीर द्या आणि उभी तीन-तीन इंचांची पट्टी टरकवत न्या. काठ वेगळे ठेवा, ते शेवटच्या फेऱ्याला शोभतात. जोडताना दोन्ही पट्ट्यांच्या टोकांना छोटी चीर पाडून एकीच्या चिरेतून दुसरीचं टोक काढा, मग दुसरीचं मागचं टोक तिच्याच चिरेतून ओवून ओढा, म्हणजे गाठ येत नाही. तीन पेड कमी-जास्त लांबीचे घ्या, नाहीतर तिन्ही जोड एकाच जागी येऊन वेणी फुगते. वेणी घट्ट हवी, पण ताणलेली नको. घालताना लांबी साधारण तिसरा हिस्सा कमी होते, हे हिशेबात धरा.

आता शिवण, आणि सगळं कसब इथेच आहे. लंबगोल हवं असेल तर मधली सरळ वेणी लांबीतून रुंदी वजा करून जेवढी उरते तेवढी ठेवा. तीन बाय दोनला ती एक फूट होते. तिथून वेणी वळवून शेजारी लावत जा. काम फरशीवर पसरूनच करा. मांडीवर घेऊन शिवलं की वळणं हमखास आवळली जातात. सुई कापडात खुपसू नका, दोन्ही वेण्यांच्या पेडांमधून काढा. दोरा आत लपतो आणि झिजत नाही. सरळ बाजूला पेडाला पेड जोडा. वळणावर मात्र बाहेरच्या वेणीचा अधूनमधून एक पेड सोडून पुढे जा, कारण बाहेरचा फेरा मोठा असतो. कडा वर उचलल्या तर वळणं आवळली गेलीत, झालर पडली तर जास्त पेड सोडलेत. तेवढा फेरा लगेच उसवा. पुढे आपोआप बसेल या आशेवर राहू नका, ते बसत नाही.

शेवटी पट्ट्या कापून निमुळत्या करा, तिन्ही टोकं मागच्या फेऱ्यात खोचा आणि दोन-तीनदा टाके घाला.

गुळगुळीत टाइल्सवर खाली रबरी जाळी अंथरा, विशेषतः घरात म्हातारं माणूस असेल तर. धुतल्यावर दोरीवर टांगू नका, ओल्या वजनानं ते लोंबतं. गच्चीवर आडवं वाळवा. पावसाळ्यात ते दोन-दोन दिवस वाळत नाही, म्हणून दारासाठी दुसरं आधीच करून ठेवा.