जुनी वेल तोडण्याआधी तिची कलमं करून ठेवा

आमच्या कर्नाटकातल्या अथणी भागात द्राक्षबाग बदलायची म्हटली की विहिरीजवळच्या मांडवावरची जुनी काळ्या द्राक्षाची वेल आधी तुटते. बेदाण्याला ती चालत नाही, व्यापारी विचारत नाही. मी कलमं बांधतो, म्हणून कळकळीनं सांगतो: आधी तिची चार रोपं करा, मग काय ते ठरवा.

का, ते इटलीतल्या एका गोष्टीवरून बघा. तिथं स्लोव्हेनियाच्या हद्दीला लागून फ्रिउली हा भाग आहे. तिथलं स्किओपेत्तिनो हे वाइनचं काळं द्राक्ष जवळजवळ संपलं होतं, लागवडीच्या सरकारी यादीतही नव्हतं. पाओलो आणि दिना रापुत्सी या नवराबायकोनं १९७० साली प्रेपोत्तोजवळ चाल्ला खोऱ्यात रान घेतलं, उरल्यासुरल्या वेली हुडकल्या आणि त्यांच्या काड्यांवर बाग उभी केली. १९७६ साली ग्राप्पा, म्हणजे द्राक्षाच्या चोथ्याची दारू, गाळणाऱ्या नोनिनो घराण्यानं त्यांना बक्षीस दिलं. आज त्या वाइनचा काळ्या मिरीचा वास जगात ओळखला जातो.

आपल्याकडं वेल निवडायची ती घड पिकल्यावर. पानाचा, घडाचा, कापलेल्या मण्यातल्या बियांचा फोटो काढा, खोडाला खुणेचा रंग लावा. काळ्या जातीत शिरा हिरव्या आणि मधलं पान लाल, कडा खाली वळलेल्या दिसल्या तर त्या वेलीची काडी घेऊ नका. तो लीफरोल, म्हणजे पान वळवणारा, विषाणू असू शकतो. तो काडीतून पुढं जातो आणि कुठल्याच फवारणीनं हटत नाही. जुन्या वेली तीन-चार सापडल्या तर सगळ्यांच्या काड्या घ्या, एकीवर विसंबू नका.

कलम ऑगस्टअखेर ते सप्टेंबर, हवेत ओल असताना. डॉगरिज या द्राक्षजातीचा खुंट, म्हणजे ज्यावर काडी बांधायची ते मुळासकटचं रोप, पेन्सिलीएवढा झालेला हवा. काडीही तेवढ्याच जाडीची, तपकिरी पडलेली. एक काडी आडवी कापून बघाच: भेंड, म्हणजे मधला मऊ गाभा, बारीक आणि तपकिरी असेल तर पक्की, पांढरं, मोठं असेल तर कच्ची, टाकून द्या. सकाळी काड्या काढा, पानं छाटा, ओल्या गोणपाटात गुंडाळा आणि त्याच दिवशी बांधा. दोन डोळ्यांची काडी घ्या, खालच्या टोकाला दोन्हीकडून दीड इंचाची पाचर काढा. चाकू एका ओढीत चालला पाहिजे, घासून घासून काढलेली पाचर बसत नाही. खुंट जमिनीपासून फूटभर वर कापून मधोमध चिरा आणि पाचर आत सरकवा. जाडी जुळली नाही तर निदान एका बाजूला साल सालीला भिडवा. मग प्लॅस्टिकची पट्टी खालून वर घट्ट गुंडाळा. खुंटाचे फुटवे दिसतील तसे काढत राहा, नाहीतर डॉगरिजच वर येईल.

दोन-चार काड्या खुंटाविना पिशवीत लावा. डॉगरिज आपण खाऱ्या पाण्यासाठी आणि पाण्याच्या ताणासाठी वापरतो. गोड पाण्याच्या विहिरीवर वेल स्वतःच्या मुळावरही चालते.

सगळी रोपं एकाच रानात ठेवू नका. दोन जतच्या पाव्हण्यांकडं द्या, एक विजापूरकडं. सोबत कागद द्या: गाव, मूळ वेल कुणाच्या विहिरीवरची, घरातली म्हातारी माणसं तिला काय म्हणायची, कन्नडमध्ये आणि मराठीत. फोटो पुण्याजवळच्या मांजरीतल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राला दाखवून जात ओळखू येते का विचारा. पहिल्या वर्षी घड धरू नका, खोड आणि ओलांडे, म्हणजे मांडवावरच्या आडव्या मुख्य फांद्या, तयार होऊ द्या.