पिछाडीचे भान: पॉवरबोट हाताळणीच्या स्पर्धेसाठी मुलांची तयारी

मोटार चालवण्याची सवय असलेला माणूस पहिल्यांदा छोटी पॉवरबोट हातात घेतो, तेव्हा तो हमखास एक चूक करतो. नाळ, म्हणजे बोटीचे पुढचे टोक, वळवली की उरलेली बोट मागोमाग येईल, असे तो धरून चालतो. मोटारीची पुढची चाके वळतात, म्हणून तिच्या बाबतीत हे खरे असते. बोटीचे आउटबोर्ड इंजिन मात्र अगदी मागच्या फळीवर बसवलेले असते. स्टीअरिंग फिरवले की ते इंजिनच वळते आणि बोटीची पिछाडी एका बाजूला ढकलली जाते. पुढे जाणारी बोट नाळेपासून साधारण एक-तृतीयांश लांबीवरच्या बिंदूभोवती वळते, त्यामुळे ४ मीटर लांबीच्या बोटीत चालकाच्या पाठीमागचा मोठा भाग वळणाच्या बाहेरच्या बाजूला फेकला जातो, आणि नेमका तोच त्याला दिसत नसतो. स्पर्धेत बोयाला, म्हणजे मार्ग दाखवणाऱ्या तरंगत्या खुणेला, लागलेले बहुतेक धक्के याच न दिसणाऱ्या भागाचे असतात. दक्षिण इंग्लंडमधील एका क्लबात सुट्टीच्या दिवशी मुलांना शिकवताना माझा अर्ध्याहून अधिक वेळ हे एवढेच समजावण्यात जातो.

या स्पर्धेविषयी आपल्याकडे एक गैरसमज आढळतो, तो आधी दूर करतो. मार्च २०१७ मध्ये मुंबईत मरीन ड्राइव्हसमोर पॉवरबोटींची शर्यत झाली होती, त्यामुळे पॉवरबोट म्हटले की अनेकांच्या डोळ्यांसमोर लाटांवरून उसळत जाणाऱ्या बोटीच उभ्या राहतात. हाताळणीची स्पर्धा तशी नसते. ब्रिटनमध्ये रॉयल यॉटिंग असोसिएशनची मुलांसाठीची रिब स्पर्धा ८ ते ११ आणि १२ ते १६ अशा दोन वयोगटांत घेतली जात आली आहे. तिच्या विभागीय फेऱ्यांतून निवडलेली मुले साउदॅम्प्टनच्या बोट शोमध्ये अंतिम फेरीला उतरत आली आहेत. कडेने हवा भरलेल्या नळ्या असलेली छोटी रिब बोट घेऊन बोयांमधून नागमोडी जायचे, ठरलेल्या जागी थांबायचे, मागे यायचे आणि हे सारे कमीत कमी वेळात पुरे करायचे, असे तिचे साधारण स्वरूप असते. बोयाला स्पर्श झाला की एकूण वेळेत दंडाचे सेकंद मिळवले जातात.

या दंडाचा हिशोब मुलाला पहिल्याच दिवशी कागदावर मांडून दाखवावा. समजा, एका स्पर्शाला ५ सेकंदांचा दंड आहे. भरधाव गेल्याने एका वळणावर फार तर अर्धा-पाऊण सेकंद वाचतो, म्हणजे एक धक्का भरून काढायला सात ते दहा वळणे निर्दोष आणि शिवाय भरधाव घ्यावी लागतील. हे गणित पटलेले मूल थ्रॉटलवरचा, म्हणजे इंजिनाचा वेग कमी-जास्त करणाऱ्या दांड्यावरचा, हात आपणहून आवरते, त्याला ओरडून सांगावे लागत नाही.

औपचारिक शिक्षणाची सुरुवात ब्रिटनमध्ये पॉवरबोटच्या पहिल्या पातळीने होते. हा एका दिवसाचा वर्ग असून तो ८ वर्षांपासून करता येतो. दुसरी पातळी दोन दिवसांची असून तिला १२ वर्षे पूर्ण व्हावी लागतात, आणि १६ वर्षांखालील मुलांना मिळणाऱ्या प्रमाणपत्रावर मोठ्या माणसाच्या देखरेखीची अट नोंदलेली असते. आपल्याकडे गोव्यातील राष्ट्रीय जलक्रीडा संस्थेत बोट हाताळणीचे अभ्यासक्रम चालतात, मात्र ते प्रामुख्याने जलक्रीडेच्या व्यवसायात काम करणाऱ्यांसाठी आहेत. वर्ग कोठेही केला, तरी वर्ग संपल्यानंतरचा सराव हेच या तयारीचे खरे अंग आहे.

पाण्यात उतरण्यापूर्वी किल कॉर्डकडे लक्ष द्यावे. वेटोळ्यांच्या या लाल दोरीचे एक टोक चालकाच्या मांडीला आणि दुसरे इंजिनाच्या बटणाला अडकवलेले असते. चालक जागेवरून फेकला गेला की दोरी निसटते आणि इंजिन बंद पडते. मे २०१३ मध्ये कॉर्नवॉलमधील पॅडस्टोजवळ एका रिबमधून कुटुंबातील सहाही जण पाण्यात फेकले गेले. किल कॉर्ड अडकवलेली नव्हती, त्यामुळे चालकाविना सुटलेली ती बोट त्यांच्याच अंगावर फिरत राहिली आणि दोघांचा जीव गेला. म्हणून दररोज पहिल्यांदा इंजिन सुरू केल्यावर दोरी मुद्दाम खेचावी आणि इंजिन खरोखर बंद पडते का, ते मुलानेच पाहावे. दोरी मनगटाला गुंडाळू नये, कारण स्टीअरिंगचे चाक फिरवताना ती त्यात गुंतते. मांडीभोवती एक वेढा घेऊन ती तिच्याच दोरात अडकवणे सर्वांत चांगले. अंगावर तरंगजाकीट असावेच, आणि इंग्लंडच्या किनाऱ्यावर सराव करायचा असेल तर एप्रिलमध्ये पाणी १० अंशांच्या आसपास असते, हे लक्षात घेऊन वेटसूट किंवा ड्रायसूटही घालावा.

आता चाकाविषयी. मोटारीचे स्टीअरिंग सोडले की बरेचसे आपोआप सरळ होते, बोटीचे होत नाही. इंजिन नेमके कोणत्या दिशेला रोखलेले आहे, याचे भान सुटले की जेट्टीजवळ गिअर टाकताच बोट भलतीकडेच उडी घेते. यावर आमचा उपाय अगदी साधा आहे. इंजिन सरळ असताना चाकाच्या माथ्यावर रंगीत चिकटपट्टीचा एक वेढा मारायचा, चाक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत किती वेढे फिरते ते मुलाकडून मोठ्याने मोजून घ्यायचे, आणि मग मुलाला डोळे मिटायला लावून ‘सरळ कर’, ‘पूर्ण डावीकडे’, ‘अर्धे उजवीकडे’ अशा सूचना द्यायच्या. बोट धक्क्याला बांधलेली असताना आणि इंजिन बंद असतानाच हा सराव करावा. दहा मिनिटांत मुले कंटाळतात, तरी तो सोडू नये.

दुसरी सवय गिअरची. आधी चाक फिरवायचे आणि मगच गिअर टाकायचा, हा क्रम कधीही उलटा होऊ देऊ नये. गिअर इंजिन मंद असतानाच, ठामपणे आणि एका झटक्यात टाकावा, कारण हळूहळू सरकवला तर आतले दात करकरतात आणि झिजतात. पुढच्या गिअरमधून मागच्यात जाताना न्यूट्रलला क्षणभर थांबावे. नवखे मूल न्यूट्रलला वाया गेलेला वेळ समजते, पण चांगला चालक अवघड जागेत जास्तीत जास्त वेळ न्यूट्रलमध्येच असतो. तो अर्धा सेकंद गिअर टाकतो, काढतो, बोट काय करते ते पाहतो आणि गरज वाटली तर पुन्हा टाकतो. रेवस-मांडव्याच्या बाजूला जुना तांडेल धक्क्याला होडी लावतो तेव्हा इंजिनाचा आवाज कसा तुटक तुटक येतो, हे ज्यांनी ऐकले आहे, त्यांना मी काय म्हणतो ते लगेच कळेल.

सरावासाठी महागडे बोये लागत नाहीत. पाच लिटरचे रिकामे प्लॅस्टिकचे डबे, दोरी आणि प्रत्येकी दोन विटा पुरतात. एक गोष्ट मात्र सांभाळावी लागते. भरतीच्या वेळी डबा बुडू नये म्हणून दोरी लांब ठेवावी लागते आणि ओहोटीला तीच दोरी सैल होऊन पाण्यावर पसरते व इंजिनाच्या पंख्यात अडकते. म्हणून डब्याखाली एक-दीड मीटरवर दोरीला छोटे वजन बांधावे, म्हणजे सैल दोर खालीच लोंबत राहतो. आमच्याकडे ही युक्ती सुचण्यापूर्वी एक पूर्ण दुपार पंख्यातली दोरी कापण्यात गेली होती.

नागमोडी मार्गाचा सराव आधी अगदी मंद गतीने करावा. चूक कोठे होते ते नीट पाहू. बोया उजव्या हाताला ठेवून मूल पुढे येते, नाळ बोयाच्या पलीकडे जाते, ते पुढच्या बोयाकडे पाहते आणि लगेच चाक डावीकडे फिरवते. त्याच क्षणी पिछाडी उजवीकडे सरकते आणि नुकत्याच मागे टाकलेल्या बोयावर आदळते. मुलाला वाटते, आपण तर केव्हाच पुढे आलो होतो. म्हणून नियम असा की बोया इंजिनाच्या रेषेत येईपर्यंत चाक त्याच्यापासून दूर फिरवायचे नाही. बोया फारच जवळ आला आहे असे वाटले, तर उलट चाक त्याच्याच दिशेने किंचित वळवायचे, म्हणजे पिछाडी त्याच्यापासून दूर जाते. हे मनाला उलटे वाटते आणि अंगवळणी पडायला काही आठवडे लागतात, पण त्याचा उपयोग स्पर्धेपुरता नाही. पाण्यात पडलेला माणूस उजवीकडे असेल तर चाकही उजवीकडेच फिरवायचे आणि न्यूट्रल करायचे, म्हणजे पंखा त्याच्यापासून लांब जातो. प्लॅस्टिकच्या डब्यापुढे जो हात योग्य वळला, तोच माणसापुढेही योग्य वळेल, म्हणून मी या एका सरावाला बाकी सर्वांपेक्षा अधिक वेळ देतो.

हे जमले की वळणाची रेषा शिकवावी. बोयाकडे येताना त्याच्यापासून थोडे लांब राहायचे, आणि वळण पूर्ण होताना त्याच्या जवळून बाहेर पडायचे. जवळून आत शिरले की बोट घसरत लांब बाहेर जाते आणि पुढचा बोया चुकतो. या सगळ्यात नजर ज्याला वळसा घालतो आहोत त्या बोयावर नव्हे, तर त्याच्या पुढच्या बोयावर असावी.

बोया उचलणे किंवा बोयाजवळ थांबणे यात वाऱ्याची परीक्षा असते. रिबची नाळ हलकी असते, त्यामुळे वेग गेला की वारा ती लगेच बाजूला पाडतो. साधा मार्ग असा की वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने, बोया चालकाच्या बाजूला ठेवून यावे, बोटीची एक-दोन लांबी अंतर उरले असताना न्यूट्रल करावे आणि उरलेले अंतर बोटीच्या स्वतःच्या गतीने कापावे. प्रवाह वाऱ्याहून जोरदार असेल तर प्रवाहाविरुद्ध यावे. कोणता जोर मोठा आहे, हे मुलाला विचारण्याऐवजी बोट न्यूट्रलमध्ये अर्धा मिनिट सोडून द्यावी आणि ती कोणीकडे जाते ते त्याला पाहू द्यावे.

मागे येण्याचा टप्पा सर्वांना नावडता असतो. मागे जाताना पिछाडी पुढारी होते आणि हलकी नाळ वाऱ्यावर कशीही फिरते, मात्र पिछाडी वाऱ्याच्या तोंडावर ठेवली तर बोट बरीच सरळ जाते. अंग पूर्ण मागे वळवून, इंजिनाकडे पाहत चालवावे, केवळ मान वळवून चालत नाही. थ्रॉटल फार दिला तर मागच्या फळीवरून पाणी आत येते.

जेट्टीला लावताना ती डावीकडे असेल, तर साधारण ३० अंशांच्या कोनात, वारा किंवा प्रवाह समोरून घेत यावे. एका लांबीवर न्यूट्रल करावे. मग चाक उजवीकडे घेऊन क्षणभर पुढचा गिअर द्यावा, त्याने पिछाडी जेट्टीकडे ढकलली जाते. लगेच चाक पूर्ण डावीकडे फिरवून क्षणभर मागचा गिअर टाकावा, म्हणजे पिछाडी आणखी जवळ ओढली जाते आणि बोटही थांबते. हे चांगले साधले की नळी जेट्टीला टेकल्याचा फक्त एक बारीक, रबरी आवाज होतो. तो आवाज आला नाही आणि ठोकर बसली, तर त्या फेरीला मी वहीत धक्का लिहितो.

वही मुलानेच ठेवावी. तारीख, वारा, भरती होती की ओहोटी, किती फेऱ्या केल्या आणि किती धक्के बसले, एवढेच तिच्यात असावे. सलग तीन फेऱ्या धक्क्याविना होईपर्यंत मी स्टॉपवॉच खिशातून काढत नाही. पालकांना हे अवघड जाते, कारण त्यांना आकडा हवा असतो. घड्याळ आधी दिसले की मूल वेगाचा पाठलाग करू लागते आणि पिछाडी पुन्हा विसरते. स्पर्धेआधीचे शेवटचे दोन-तीन सराव शक्यतो अनोळखी बोटीवर करावेत, कारण त्या दिवशी मिळणारी बोट आयोजकांची असते, आणि तिचे चाक किती वेढे फिरते व तिचा गिअर कोठे पकडतो, हे पहिल्या अर्ध्या मिनिटातच ओळखावे लागते.

साउदॅम्प्टनच्या पाण्याची आणखी एक खोड आहे. तेथे एकाच भरतीचा माथा दोनदा येतो, त्यामुळे पाणी बराच वेळ चढलेले राहते आणि मग ओहोटी थोड्या वेळात जोराने उतरते. म्हणून भरतीचे कोष्टक आदल्या रात्रीच पाहावे आणि आपली फेरी कोणत्या पाण्यात येईल याचा अंदाज घ्यावा. सकाळी लवकर पोहोचून आधीच्या स्पर्धकांच्या फेऱ्या काठावरून पाहाव्यात, आणि त्यांचे वेळेचे आकडे पाहण्याऐवजी त्यांची पिछाडी कोणत्या बोयाजवळ सर्वांत जास्त सरकते ते टिपावे. अंतिम रेषा ओलांडल्यावर आनंदाच्या भरात मुले हात वर करतात, उभी राहतात आणि बोट तशीच पुढे जात राहते. धक्क्यावरचा माणूस दोर हातात घेईपर्यंत एक हात चाकावर राहावा आणि इंजिन बंद झाल्यानंतरच मांडीची दोरी सोडावी.