सांत्वनाला जाताना : भेटसेवेत नव्याने येणाऱ्यांसाठी

दुःखात असलेल्या माणसाकडे जायचं ठरलं की नवीन सेवकाचा पहिला प्रश्न असतो, "मी तिथं बोलू काय?" मग बायबलमधली वचनं शोधणं, खुणा घालणं सुरू होतं. मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, भेटसेवेत मला बरीच वर्षं झाली. माझं उत्तर ठरलेलं आहे: फारसं काही बोलू नका.

बायबलमधल्या ईयोबावर संकटांमागून संकटं आली, तेव्हा सांत्वनाला आलेल्या त्याच्या मित्रांना आपण उपदेशात नेहमी झोडपतो. पण ईयोबाच्या पुस्तकातल्या दुसऱ्या अध्यायाचा शेवट वाचा. सात दिवस, सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले. त्याचं दुःख फार मोठं आहे हे पाहून कुणी चकार शब्द काढला नाही. बिघडलं ते तोंड उघडल्यावर. तुझ्याच हातून पाप घडलं असणार, हे पटवून देण्यात त्यांनी अध्यायच्या अध्याय घालवले. शेवटी ४२व्या अध्यायात देव कोपला तो त्यांच्यावर, आणि देवालाच जाब विचारणारा ईयोब माझ्याविषयी बरोबर बोलला, असं म्हणाला.

मूल गेलेल्या एका आईने आमच्यासमोर विचारलं, "देव तेव्हा होता कुठे?" माझ्यासोबतच्या तरुणाने लगेच रोमकरांस पत्रातलं ८:२८ काढलं. सगळं मिळून कल्याणच होतं, वगैरे. वचन खरंच आहे, पण ती वेळ त्याची नव्हती. बाई "हो ना" म्हणाल्या आणि पुढचा अर्धा तास आमच्या प्रवासाची चौकशी करत राहिल्या. हे "हो ना" ओळखायला शिका. त्याचा अर्थ, आता तुमच्याशी मनातलं बोलणार नाही. त्या प्रश्नाला उत्तर हवंच होतं असं नाही. तो कुणासमोर तरी विचारता यायला हवा होता. स्तोत्रसंहितेत ८८वं स्तोत्र अंधारातच संपतं, शेवटी स्तुतीचं कडवं नाही, तरी ते पवित्र शास्त्रात आहे. म्हणून "देवाची इच्छा", "तुमचा विश्वास वाढवा" ही वाक्यं घरीच ठेवून या.

प्रार्थना करायची तर आधी विचारा. नको म्हणाले तर नको. केलीत तर छोटी करा आणि त्यांचेच शब्द वापरा. डोळे मिटून उपदेश करण्याची खोड आपल्यात फार. दुसरी खोड याहून वाईट. "अमक्यांसाठी प्रार्थना करा" म्हणत त्यांच्या घरातली गोष्ट सगळ्या मंडळीला सांगणं. परवानगीशिवाय प्रार्थनाविषयातही नाव नको.

१९५३ साली लंडनमध्ये चॅड वारा या अँग्लिकन पाळकाने आत्महत्येच्या विचारात असलेल्यांसाठी फोनसेवा सुरू केली. तीच पुढे समॅरिटन्स म्हणून ओळखली गेली. त्याला भेटायला आलेल्यांजवळ साधे स्वयंसेवक बसत. वाराच्या ध्यानात आलं की त्यांच्याशी बोलूनच अनेकांचं मन हलकं होतंय आणि आत त्याला भेटायची गरज उरत नाहीये. पदवी नाही म्हणून बिचकणाऱ्यांना मी हे आवर्जून सांगतो.

पण मर्यादा ओळखा. कुणी "आता जगून काय करू" म्हणालं तर विषय बदलू नका. सरळ विचारा, "जीव द्यायचा विचार मनात येतो का?" विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही. उत्तर हो असेल तर त्यांना एकटं सोडू नका. घरच्यांना आणि डॉक्टरांना कळवलंच पाहिजे. कुणाला सांगणार नाही असं वचन आधीच देऊन बसू नका, ते इथे पाळता येत नाही. नैराश्यावरची गोळी घेणं म्हणजे विश्वास कमी, असं म्हणणारे मंडळीत भेटतील. त्यांना एलीयाची गोष्ट सांगा. मरण मागून झुडपाखाली झोपलेल्या त्या संदेष्ट्याला देवदूताने आधी भाकर आणि पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं, परत खायला दिलं. "तू इथे काय करतोस?" हा देवाचा प्रश्न नंतरचा.

निघताना "काही लागलं तर सांगा" म्हणू नका, कुणी सांगत नाही. "गुरुवारी येतो, दवाखान्यात मी सोबत येईन" असं नेमकं बोला, आणि गुरुवारी जा. पहिल्या आठवड्यात घर माणसांनी भरलेलं असतं, दोन-तीन महिन्यांनी कुणी फिरकत नाही. तुमची खरी पाळी तेव्हा. गेलेल्याचा वाढदिवस, पहिला नाताळ, मृत्यूची तारीख वहीत लिहून ठेवा आणि त्या दिवशी निदान फोन करा. गेलेल्या माणसाचं नाव घेऊन बोला. बहुतेक घरांत ते ऐकायला लोक आसुसलेले असतात.