लग्नाच्या डीव्हीडीपासून सिनेमाच्या डिस्कपर्यंत: कॉपी करण्याआधी क्वालिटी कशी ठरवाल

टीव्हीखालच्या ड्रॉवरमधल्या, कपाटातल्या आणि माळ्यावरच्या सगळ्या सीड्या-डीव्हीड्या आधी एका जागी आणा आणि त्यांचे तीन ढीग करा. पुन्हा कुठेच मिळणार नाही ते पहिल्या ढिगात: लग्न, मुंज, डोहाळजेवण, शाळेचं गॅदरिंग, आजोबांची पंचाहत्तरी. विकत घेतलेले सिनेमे आणि नाटकं दुसऱ्यात. तिसऱ्यात जे घरात कुणीही पुन्हा लावणार नाही ते. हा तिसरा ढीग तिथेच राहू द्या, त्याच्यावर एक रात्रही घालवू नका. क्वालिटी ठरते ती या ढिगांवरून. सगळ्याला एकच सेटिंग लावलं की लग्नाची फाइल बिघडते आणि एकदाच बघायच्या हाणामारीच्या सिनेमावर जागा उधळली जाते.

मग प्रत्येक डिस्क कॉम्प्युटरवर उघडून आत काय आहे ते बघा. एमपीइजीएव्ही नावाचा फोल्डर आणि त्यात डॅट फाइल दिसली तर ती व्हीसीडी. तिचं चित्र 352 बाय 288 एवढंच असतं आणि व्हिडिओचा बिटरेट, म्हणजे सेकंदाला खर्च होणारा डेटा, 1150 केबीपीएस (किलोबिट दर सेकंदाला). मराठी नाटकांच्या दोन-दोन, तीन-तीन सीड्यांचे संच आठवत असतील, ते हेच. इथे क्वालिटी निवडायच्या भानगडीत पडू नका. जे आहे तेच मुळात कमी आहे. ते पुन्हा एनकोड केलं, म्हणजे नव्याने दाबून साठवलं, की आणखी कमी होतं आणि जागाही फारशी वाचत नाही, कारण तासाभराची मूळ फाइल जेमतेम 600 एमबीची असते. डॅट फाइल तशीच उचला, व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये चालते का बघा, आणि अंक पहिला, अंक दुसरा अशी नावं देऊन मोकळे व्हा.

व्हिडिओ_टीएस हा फोल्डर दिसला तर ती डीव्हीडी. आपल्याकडच्या पाल या टीव्ही पद्धतीत चित्र 720 बाय 576, सेकंदाला 25 फ्रेम. विकत घेतलेल्या काही डिस्क एनटीएससी या अमेरिकी पद्धतीच्या निघतात, त्या 720 बाय 480 च्या. सॉफ्टवेअर तुम्हाला 1080 चा पर्याय दाखवेल, तो घेऊ नका. 576 ओळींचं चित्र 1080 ओळींवर ताणलं की फाइल फुगते, मावशीचा चेहरा मात्र तेवढाच धूसर राहतो. ताणायचं काम टीव्ही स्वतःच करतो आणि बहुतेक वेळा बरं करतो.

लग्नाच्या डिस्कच्या बाबतीत आणखी एक हिशेब आधीच करून ठेवा. साध्या कोऱ्या डीव्हीडीत 4.7 जीबी मावतात. शूटिंगवाल्याने त्यात तीन तासांचं लग्न कोंबलं असेल तर आवाज धरून बिटरेट साडेतीन एमबीपीएसच्याही (1 एमबीपीएस म्हणजे 1000 केबीपीएस) आतच पडतो. डीव्हीडीवर व्हिडिओला 9.8 एमबीपीएसपर्यंत मुभा असते, म्हणजे तुमच्या डिस्कवरचं चित्र आधीच चांगलं पिळलेलं आहे. त्याला दुसऱ्यांदा पिळायचं कारण काय? 1 टीबीच्या हार्ड डिस्कवर अशा भरलेल्या दोनशेहून जास्त डीव्हीड्या बसतात. एका घरात एवढी लग्नं कुणाची झाली आहेत! म्हणून पहिल्या ढिगाची क्वालिटी निवडायचीच नाही: मेकएमकेव्हीसारख्या प्रोग्रॅमने डिस्क जशीच्या तशी एमकेव्ही फाइलमध्ये घ्यायची. चित्राला हात लागत नाही, फक्त खोकं बदलतं. नातेवाइकांना मोबाइलवर पाठवायची छोटी फाइल या मोठ्या फाइलवरून हवी तेव्हा बनवता येते.

ही छोटी फाइल आणि दुसरा ढीग, खरी निवड इथे करायची. हँडब्रेक हा व्हिडिओ दाबून छोटा करणारा प्रोग्रॅम फुकट आहे, तो घालून ठेवा. पण बाजारातल्या डिस्कवर कॉपी होऊ नये म्हणून डिजिटल कुलूप असतं, ते हँडब्रेक स्वतःहून उघडत नाही. कुलूप मोडण्यासंबंधी आपल्या कॉपीराइट कायद्यात 2012 च्या दुरुस्तीने 65अ हे कलम आलेलं आहे. ते एकदा वाचा, आणि कॉपी स्वतःच्या मालकीच्या डिस्कची, स्वतःपुरती, वाटायची नाही, एवढं तरी पक्कं ठेवा.

हँडब्रेकमध्ये क्वालिटी दोन प्रकारे ठरवता येते. एकात तुम्ही बिटरेट सांगता, दुसऱ्यात आरएफ नावाचा आकडा देता. दुसरा प्रकार घ्या. त्यात प्रत्येक प्रसंगाला लागेल तेवढाच डेटा दिला जातो, हॉलमध्ये नुसतं बोलणं चालू असेल तर कमी, वरातीत नाच चालू असेल तर जास्त. आकडा जितका लहान तितकं चित्र चांगलं आणि फाइल मोठी. डीव्हीडीसाठी 18 ते 22, 1080 च्या ब्ल्यू-रेसाठी 20 ते 24 हा हँडब्रेकचाच सल्ला आहे. आकडा 6 ने कमी केलात तर फाइल साधारण दुप्पट होते, हे ध्यानात ठेवा, म्हणजे 20 वरून 14 वर उडी मारायचा मोह होणार नाही.

आकडा पक्का करण्याआधी चाचणी घ्या, आणि ती सोप्या प्रसंगावर घेऊ नका. लग्नात सगळ्यात अवघड जागा म्हणजे शेवटचं मंगलाष्टक संपून अक्षता पडतात ते दहा-पंधरा सेकंद. शेकडो बारीक ठिपके, प्रत्येकाची दिशा वेगळी, मागे फुलांची झालर, वर फ्लॅशचा लखलखाट. कॉम्प्रेशन मागच्या फ्रेमवरून पुढची फ्रेम ताडतं, आणि इथे ताडण्यासारखं काहीच उरत नाही. आरएफ 24 वर तांदळाचे दाणे विरघळून त्यांचे चौकोनी डाग होतात का, शालूच्या काठातली जर एकसंध पिवळी पट्टी दिसते का, ते बघा. तोच तुकडा 22 वर आणि 20 वर काढा. दुसरी चाचणी रात्रीच्या वरातीची. काळ्या आकाशात कॅमेऱ्याचे दाणे वळवळत असतात, त्यांच्यापायी फाइल विनाकारण वाढते. तिथे हलकं डीनॉइज, म्हणजे दाणे पुसणारं फिल्टर, लावलं तर चालतं, पण चेहरे मेणाचे दिसायला लागले की लगेच काढा. तुकडे मोबाइलवर बघून निर्णय घेऊ नका. घरातल्या सगळ्यात मोठ्या टीव्हीवर, नेहमी बसता तिथे बसून बघा. 22 आणि 20 मधला फरक तिथून दिसत नसेल तर 22 घ्या.

सिनेमासाठी अशी जागा म्हणजे पाऊस, धूर, गर्दीतला गुलाल, किंवा जुन्या रिळाचे दाणे दिसणारी अंधारी खोली. सिनेमातले दाणे मात्र पुसू नका, ते चित्राचाच भाग आहेत.

घरच्या शूटिंगमध्ये आणखी एक गोष्ट तपासायची, ती बहुतेक जण विसरतात. हलणाऱ्या हातांच्या कडेला कंगव्याच्या दातांसारख्या आडव्या रेघा दिसतात का? दिसल्या तर चित्र इंटरलेस्ड आहे, म्हणजे सेकंदाला 50 अर्ध्या फ्रेम. डीइंटरलेस चालू करा, त्यात बॉब हा प्रकार निवडा आणि फ्रेमरेट 50 ठेवा. 25 ठेवलात तर रेघा जातील, पण हालचालीतला गुळगुळीतपणाही जाईल. लेझीम आणि फुगडीत हा फरक डोळ्यांत भरतो. आपोआप होणाऱ्या क्रॉपवरही, म्हणजे कडेच्या काळ्या पट्ट्या कापण्यावरही, नजर ठेवा. अंधाऱ्या प्रसंगांवरून त्याचा अंदाज चुकला तर तो चित्राची कड कापतो. गोल ताट लंबगोल दिसलं तर चित्राचं प्रमाण बिघडलंय, ते तिथल्या तिथे सुधारा.

कोडेक, म्हणजे व्हिडिओ दाबायची पद्धत, कोणता? डीव्हीडीसाठी एच264. एच265 मध्ये फाइल लहान होते, पण वेळ जास्त लागतो आणि गावाकडचा जुना टीव्ही ती पेनड्राइव्हवरून लावेलच असं नाही. ब्ल्यू-रेला एच265 घ्यायला हरकत नाही, कारण तिथे मूळ डिस्कच 25 किंवा 50 जीबीची असते आणि वाचलेली जागा खरंच जाणवते. दोन्ही कोडेकमध्ये आरएफचा आकडा सारखा म्हणजे चित्र सारखं, असं मात्र धरून चालू नका. आवाज पासथ्रूवर, म्हणजे मूळ आहे तसाच, ठेवा, त्यात काटकसर करून काही हाती लागत नाही. सबटायटल हवी असतील तर आत्ताच टिक करा.

पेनड्राइव्हचा फॉरमॅट एफएटी32 असेल तर 4 जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर जाणार नाही, तो एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करून घ्या. टीव्ही एक्सफॅट वाचतो का तेही एकदा लावून बघा. पहिल्या ढिगाच्या फाइली दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर हव्यात, त्यातली एक दुसऱ्या घरात.

डिस्क पुसताना मऊ कापडाने मधून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नाही. कॉपी झाली की फाइलची शेवटची दहा मिनिटं चालवून बघितल्याशिवाय डिस्क परत खोक्यात टाकू नका. एका थराची डिस्क आतून बाहेर वाचली जाते. शेवटचा भाग बाहेरच्या कडेला येतो, आणि बोटांचे ठसे, ओरखडे तिथेच जास्त असतात. तिथे अडकली तर लगेच हार मानू नका, शेजारच्यांच्या जुन्या कॉम्प्युटरमधला डीव्हीडी ड्राइव्ह मागून आणा. एका ड्राइव्हला न वाचता आलेली डिस्क दुसरा कधी कधी मुकाट वाचतो.